किनाऱ्याकडं पाठ

घिवली
४ मे

हेमाली,

"आता आपण नेमके कुठं आहोत रे?" असं तू होडीचा काठ धरून विचारलंस आणि मी किनाऱ्याकडं बोट केलं, तिथं माझं सगळं बदललं. कॉलेज सुटलं तेव्हा नाही. तुझं पहिलं मेल आलं तेव्हाही नाही. तेव्हा.

आता तू तिकडं पोचली असशील. कीर्ती मॅडमनी कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं की आपली हेमाली लेखकांच्या कार्यशाळेला फिलिपिन्सला चालली. ते मी बर्फाची पेटी उतरवताना वाचलं आणि पेटी पायावर घेतली. अंगठा काळा पडलाय. माई म्हणते, "ध्यान कुठं हाय तुजं?" काय सांगू तिला. तुझ्या शैलेशदादाला तुझं व्हॉट्सॲप उघडून बघायची खोड आहे म्हणून आपण हे मेल लिहितो, आणि मेल म्हटलं की मला परीक्षेत पुरवणी घेतल्यासारखं वाटतं. चुका काढू नको. दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस आहे मी.

तू म्हणाली होतीस, तिकडं आपली फेब्रुवारीतली सकाळ लिहिणार. लिही. माझा बाप, तात्या, लग्नाला सातपाटीला गेला आणि मी त्याला न विचारता होडी काढली, ते लिही. आमच्यात बाईमाणूस होडीत घेत नाहीत आणि मी घेतलं, ते लिही. तुला उलटी झाली ते वाटलं तर गाळ. माझ्या शर्टाला वास येतो म्हणून वर्गात ज्यानं नाक धरलं, त्याच्या त्याच नाकावर मी दिली आणि सॅक उचलून कायमचा घरी आलो, तेही लिही. फक्त एक लिहू नको. आमची खूण.

त्या दिवशी घाईत सांगितलं होतं म्हणून नीट सांगतो. तिथं पाण्याखाली आमचं खडप आहे, खडकांची रांग. बाकी कुठं काही लागत नाही तेव्हा तिथं घोळ लागते, वाम लागते. आज्यानं ते शोधलं. वरून नुसतं पाणी. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एकीमागं एक आणायच्या, मग बाजूच्या आणखी दोन, आणि दोन्ही रेषा जुळल्या की गळ सोडायचे. जीपीएस आता सगळ्यांकडं आहे. पण त्याला जागा आधी सांगावी लागते, आणि मशीन एकदा दुरुस्तीला गेलं की आतल्या जागा कोणाच्या हाती लागतील ते कोण बघतो? तात्यानं ही जागा मशीनला कधी सांगितली नाही. त्याच्या डोळ्यात आहे, बस.

आणि आमच्या घरात पोरगा दर्यावरच राहणार हे ठरत नाही तोवर त्याला खूण दाखवत नाहीत. खडप जवळ आलं की सांगतात, तोंड तिकडं कर. मग तो किनाऱ्याकडं पाठ करून खुल्या पाण्याकडं बघत बसतो. आमचा खलाशी जिवल्याकाका माझ्या जन्माआधीपासून होडीवर आहे, तो अजून तसाच बसतो, तंबाखू मळत. मीही लहानपणापासून तसाच बसलो. कॉलेज सोडून आलो तेव्हा वाटलं, तात्या मारेल. मारलं नाही. पुढच्या फेरीला खडपाजवळ इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "फिर. आता बघ."

कॉलेज घालवून मी एवढं एकच कमावलं. ते तुला दिलं. यावरून काय ते समज.

तुझा
दर्पण


फिलिपिन्स
९ मे

दर्पण,

आधी अंगठ्याला हळद लाव.

हे गाव आपल्या केळव्यासारखंच आहे, फक्त सुरूच्या जागीसुद्धा माडच. सकाळी न्याहारीला भात आणि तळलेली सुकी मासळी. पहिल्या दिवशी तो वास आला आणि मी बोईसरच्या बाजारात तुझ्या माईंच्या पाटीपुढं उभी आहे असं वाटलं. शेजारची मनिलाची मुलगी नाक मुरडत होती. तू असतास तर तिचं काही खरं नव्हतं.

इथली पद्धत सांगते. गोष्टीवरचं नाव काढून ती सगळ्यांना वाटतात. मग सगळे गोल बसून बोलतात, आणि जिची गोष्ट असेल तिनं एक शब्द बोलायचा नाही. खुलासा नाही, बचाव नाही. चर्चा संपली की शेवटी तिला बोलू देतात. नाव काढलेलं असलं तरी कोणाची गोष्ट ते कळतंच, तिचे कान लाल होतात. इथले सगळ्यात ज्येष्ठ लेखक म्हणतात, "तुमचं पुस्तक वाचणाऱ्याच्या उशाशी जाऊन बसणार आहात का समजवायला? मग आत्ताच गप्प बसायला शिका." त्यांना सगळे लोलो इस्को म्हणतात. लोलो म्हणजे आजोबा. एका लहानशा बेटावरच्या मासेमाराचा मुलगा.

काल माझ्या गोष्टीची पाळी होती. मी लिहिलं होतं, ते दोघं समुद्रात खूप आत गेले आणि त्यानं तिला आपलं गुपित सांगितलं. कुया रामोन नावाचा एक कवी आहे. तो म्हणाला, हा समुद्र कॅलेंडरवरचा आहे, यात कोणी बुडणार नाही. मनिलाची मुलगी म्हणाली, गुपित सांगितलं म्हणजे काय सांगितलं? लेखिकेला माहीत नसेल तर तिनं लिहू नये, आणि माहीत असून झाकत असेल तर आम्ही का वाचावं? मग कोणीतरी विचारलं, ही गोष्ट आहे तरी कोणाची, त्या मुलाची की लिहिणारीची? त्यावर जेवायची वेळ होईपर्यंत भांडण. एक म्हणे ज्यानं भोगली त्याची, दुसरा म्हणे ज्यानं मांडली त्याची. मी खुर्चीत बसून नखं कुरतडत होते. माझ्याबद्दल बोलत होते आणि मी तिथं नव्हते.

शेवटी लोलो एवढंच म्हणाले, "त्यानं बोट केलं तेव्हा तिला काय दिसलं ते लिहायचं राहिलंय."

मी खोलीत जाऊन रडले. मग रामोननं किनाऱ्यावर फिरवून आणलं, म्हणाला, पहिल्या वर्षी त्यालाही असंच सोललं होतं. फोटो पाठवतेय. आता सगळं पुन्हा लिहायचंय.

हेमाली


घिवली
११ मे

हेमाली,

हा रामोन कोण?

फोटो मी मोठा करून बघितला. तुझी ओढणी त्याच्या हाताला लागतेय. तू रडलीस तर तुला मनिलाची मुलगी दिसली नाही, आजोबा दिसले नाहीत, हा केस वाढवलेला कवी बरा दिसला. आणि कॅलेंडरवरचा समुद्र म्हणे. त्याला म्हणावं, ये एकदा घिवलीला, बसवतो होडीत, मग बघू कोण बुडतो.

जिवल्याकाकानं विचारलं, "काय रे, तोंड का पाडलंस?" मी म्हटलं, अंगठा दुखतो. तो म्हणाला, "अंगठा दुखला तर मानूस लंगडतो. तू तर जेवत नाय." तात्या ऐकत होता. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खुणेबद्दल तू काही लिहिलं नाहीस. पण आधी रामोनचं सांग.

दर्पण


फिलिपिन्स
१८ मे

दर्पण,

अरे वेड्या, कुया म्हणजे दादा. त्याला मी दादा म्हणते आणि इथले सगळे म्हणतात. त्याला दोन मुली आहेत. तुझं मेल वाचून मी एवढी हसले की मनिलाच्या मुलीला सांगावं लागलं, आता ती रोज विचारते, तुझ्या नाक फोडणाऱ्याचं पत्र आलं का.

आता खरी बातमी. काल माझ्या गोष्टीची दुसरी पाळी झाली. मी सगळं नव्यानं लिहिलं होतं. होडीचा काठ, डिझेलचा वास, माझी उलटीसुद्धा. त्यानं बोट केलं तेव्हा तिला काय दिसलं तेही. वाचून झाल्यावर सगळे पुन्हा पहिलं पान उलटून बघू लागले. मला वाटलं, मेले. मग रामोन म्हणाला, आता या पाण्याला तळ आहे. हे लोक एखाद्याला वाक्य आवडलं की टेबलावर बोटं वाजवतात. सगळं टेबल वाजलं, दर्पण. मला आजवर इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

मला बोलायची परवानगी मिळाल्यावर लोलो इस्कोंनी विचारलं, या खुणा खऱ्या आहेत का? त्यांच्या बेटावर म्हणे एकानं मेव्हण्याला आपली जागा सांगितली होती, तर त्याच्या होडीची दोरी धरायलासुद्धा पुन्हा कोणी पुढं आलं नाही. खऱ्या असतील तर बदल, म्हणाले. मी सांगितलं, नाही हो, रचलेल्या आहेत. ते म्हणाले, "रचलेल्या असतील तर तुझ्याकडं काहीतरी आहे, पोरी." सगळे हसले. पुन्हा टेबल वाजलं.

संध्याकाळी बाकीचे पाण्यात उतरले. मी काठावरच बसून राहिले. का कोण जाणे, उतरवेना.

पुढच्या आठवड्यात निघते.

हेमाली


घिवली
२० मे

हेमाली,

दादा असेल तर ठीक. त्याच्या मुलींना माझा नमस्कार सांग.

तुझं मेल मी वाळत घातलेल्या बोंबलांच्या खाली, सावलीत बसून तीनदा वाचलं. रचल्यास ते लई बरं केलंस. जिवात जीव आला. त्या आजोबांनाही सांग की तुझ्याकडं काहीतरी आहे हे मला तुझ्या आधी माहीत होतं.

या महिनाअखेर होडी वर ओढायची, मग दोन महिने बंदी. तेव्हा मी तात्याशी बोलतो. तुमची वाडी चिकूची, आमचं घर मासळीचं, शैलेशदादा काय म्हणेल ते मला दिसतंय. पण मी आता रिकामा पोरगा नाही. मला खूण दाखवलेली आहे. आमच्यात याला वजन असतं.

केळव्याला भेट. ओढणी तीच घाल.

तुझाच
दर्पण


माकुणसार
२१ सप्टेंबर

दर्पण,

तुझी चार मेल आली, उत्तर दिलं नाही, कबूल. केळव्याला भेटलो तेव्हाही मी घाईत होते. तू लग्नाचं बोलत होतास आणि माझ्या डोक्यात परिच्छेद फिरत होते. याला काय म्हणायचं ते म्हण.

ती गोष्ट तिकडच्या संग्रहात आली. मग मी ती मराठीत लिहिली आणि पालघरच्या मुलांची जी वेबसाइट आहे तिच्यावर मागच्या महिन्यात टाकली. बरीच फिरतेय. उन्नतीनं, बोईसरची ती नाटकवाली, वाचून रेकॉर्डही केली. मुंबईचे एक प्रकाशक म्हणतात, अशा आठ-दहा असतील तर पुस्तक करू. मी शैलेशदादाला सांगितलं तर तो पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखं बोलला.

तू अजून वाचली नाहीस हे मला माहीत आहे. वाचलीस की रागावू नको. गोष्टीला जे लागतं ते द्यावं लागतं, हे मी तिकडं शिकले.

हेमाली


घिवली
१९ ऑक्टोबर

हेमाली,

मी वाचली नव्हती. हंगाम चालू झाला की आमचं वाचायचं राहतं. मला तुझी गोष्ट बोईसरच्या बर्फाच्या कारखान्यात कळली. बर्फ फोडणारा पोरगा म्हणाला, "भैया, आपके गाँव की कहानी आई है मोबाइल पे. वो निशानी वाली. सच्ची है क्या?" आणि त्यानं लावली. उन्नतीचा आवाज चांगला आहे. प्रत्येक शब्द कळत होता.

दोन्ही रेषा, हेमाली. दोन्ही. पहिल्या दोन गोष्टी नावासकट, दुसऱ्या दोन नावासकट, आणि इंजिन किती वेळ चालवल्यावर मान वळवायची तेसुद्धा. मी तेव्हा तुला जे शब्द बोललो तेच. मी इथं ते अजून लिहीत नाही. आता सगळ्यांना माहीत आहेत, तरी माझ्या हातानं लिहिणार नाही.

आता तुझं मे महिन्यातलं मेल पुन्हा काढून वाचलं. तू त्या म्हाताऱ्याला सांगितलंस की रचलेल्या आहेत. मला कुठं सांगितलंस? मला तू फक्त हे सांगितलंस की त्याला काय सांगितलं. मी रामोनवर दात धरून बसलो. चोर दुसऱ्याच दारातून गेला.

दसऱ्यानंतर आम्ही खडपावर गेलो तर तिथं आधीच होड्या. शेजारच्या गावातला भगवंत होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून मोबाइल हलवत होता. ओरडून म्हणाला, "दर्पन, तुजी गोष्ट लय भारी हाय. लग्नाला बोलव आमाला." त्याचे खलाशी हसले. मी उडी मारून त्याच्या होडीत जाणार होतो, जिवल्याकाकानं कमरेला धरून खाली बसवलं.

भगवंत गळावर मासे धरत नाही, तो जाळी टाकतो. खडपावर जाळं टाकलं की अडकतं, ओढलं की फाटतं, आणि फाटलेलं तिथंच राहतं. आता आमचे गळ माशाला लागत नाहीत, त्यांच्या जाळ्याला लागतात. आज्यानं शोधलेली जागा दोन महिन्यांत चिंध्यांनी भरली. मासा अशा ठिकाणी थांबत नाही.

तात्यानं घरी येऊन गळ टांगून ठेवले. त्याला वाचता येतं थोडं, पण त्यानं ती गोष्ट ऐकली. गावात सगळ्यांनी ऐकलं. खूण जिवंत माणसांत दोघांनाच माहीत होती, तो आणि मी, तेव्हा त्याला विचारायचं काही राहिलं नव्हतं. माई दोन दिवस बाजाराला गेली नाही. बायका विचारतात, ती पोरगी कोण.

मग परवा आम्ही पुन्हा निघालो. तात्या म्हणाला, दुसरीकडं एक जागा बघू, त्याच्या मामानं कधीतरी सांगितलेली. मी मागं सुकाणूपाशी बसलो होतो. बऱ्याच वेळानं त्यानं इंजिन हळू केलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तोंड तिकडं कर," म्हणाला.

मी फिरलो. किनाऱ्याकडं पाठ करून बसलो, जिवल्याकाकाच्या शेजारी. त्यानं तंबाखू पुढं केली. मी खात नाही हे त्याला माहीत आहे.

तुला खूण द्यायला मला एक बोट पुरलं. तुला टेबल वाजवून घ्यायला ती पुरली. मला फक्त एवढं सांग, आमची खूण लिहू नको, हे मी चार मेच्या मेलात लिहिलेलं वाक्य तू वाचलं होतंस ना?

दर्पण


माकुणसार
२८ नोव्हेंबर

दर्पण,

वाचलं होतं.

महिनाभर तुला काय लिहावं कळेना. लिहायचे आणि पुसायचे. वेबसाइटवरून गोष्ट काढली, पण लोकांकडं आवाज आहे, फोटो काढून ठेवलेत, आता ती माझ्या हातात राहिलेली नाही.

तरी माझंही ऐक. मी बदलून बघितलं होतं. चिमणीच्या जागी देऊळ, डोंगराच्या जागी ताडाचं झाड. वाक्य मरत होतं, दर्पण. मला लिहिताना तुझं बोटच दिसेना. खरं घातलं की ते उठून बसलं. तुझं होडीतलं ते बोलणं हे मला कोणी दिलेलं सगळ्यात मोठं काही होतं, आणि मोठं काही मिळालं की मी लिहिते, दुसरं मला येत नाही. दिलेली वस्तू घेणाऱ्याची होते असं मला तेव्हा वाटलं. आणि घिवलीत कोण वाचणार आहे, असंही वाटलं. हे दुसरं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

आता एक मागणं आहे. मागू नये, तरी मागते. कोणीतरी लिहिलंय की लेखिकेनं मच्छीमारांच्या जागा फोडल्या. प्रकाशक विचारतायत. चौदा डिसेंबरला, रविवारी, आमच्या वाडीत मी एक दिवसाची कार्यशाळा ठेवलीय, तिकडच्या पद्धतीनं. कीर्ती मॅडम, उन्नती, आणखी काहीजण. प्रकाशकांचा माणूसही येईल. माझ्याच गोष्टीवर बोलणार आहेत. तू ये. कोणी विचारलंच तर एवढंच म्हण, की त्या खुणा रचलेल्या आहेत. घिवलीचा माणूस म्हणाला की विषय मिटेल. पुस्तक झालं तर मी घरी ठामपणे बोलू शकेन, तुझ्याबद्दलसुद्धा. दादासमोर उभं राहायला माझ्याकडं दुसरं काही नाही.

येशील ना?

हेमाली


घिवली
१५ डिसेंबर

हेमाली,

काल तू पूर्ण वेळ खाली बघत होतीस, म्हणून जे झालं ते तुला दिसलं नसेल. ते लिहून देतो. याच्यापुढं मी लिहिणार नाही.

मी का आलो ते विचारू नको. तू बोलावलंस म्हणून आलो. शर्ट धुऊन, इस्त्री करून, सफाळ्याच्या रिक्षात शर्टाला वास येतो का ते दोनदा हुंगून आलो. तुमच्या शैलेशदादानं चहाचा कप हातात दिला आणि विचारलं, "पाहुणे कुठले?" मी म्हटलं, घिवलीचा. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला या गोष्टीतलं कळेल." तुझा दादा वाईट माणूस नाही. त्याला तू काहीच सांगितलेलं नाहीस, एवढंच.

चिकूच्या पेट्या भिंतीला सरकवून तुम्ही गोल खुर्च्या मांडल्या होत्या. तू उभी राहून पद्धत सांगितलीस. लेखिकेनं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. तिकडची गंमत सांगितलीस, उशाशी जाऊन बसण्याची. सगळे हसले. मग तू बसलीस आणि मान खाली घातलीस.

उन्नती म्हणाली, भाषा सुंदर आहे. प्रकाशकांचा तो चष्मेवाला म्हणाला, खुणांचा भाग फार ताकदीचा आहे, असं कोणी लिहिलेलं नाही, तेवढं रचलेलं आहे की खरं, हे बघावं लागेल. मी खुर्चीत पुढं सरकलो. मला वाटलं, आता मला विचारतील, मी तुझं मागणं पुरं करीन आणि तू माझ्याकडं बघशील. एवढ्यासाठी मी दोन आठवडे झोपलो नव्हतो. बघ, किती स्वस्तात मिळणारा माणूस आहे मी.

पण मधेच कीर्ती मॅडम बोलल्या. म्हणाल्या, मला सगळं पटतं, समुद्र पटतो, होडी पटते, त्या खुणासुद्धा पटतात. पटत नाही तो मुलगा. ज्या घरात पोराला वर्षानुवर्षं पाठ फिरवून बसवतात, त्या घरचा पोरगा एका मुलीनं सहज विचारलं म्हणून सगळं सांगून टाकतो? लेखिकेला खूण वाचकापर्यंत पोचवायची होती, म्हणून तिनं तो सोयीपुरता भोळा केलाय. गोष्टीतली कच्ची जागा तीच.

उन्नती म्हणाली, "प्रेमात असेल ना, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "प्रेमात स्वतःचा जीव देईल गं. बापाची भाकरी कोण देतं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. चष्मेवाल्यानं काहीतरी टिपून घेतलं. म्हणाला, मुलगा बदलता येईल.

तेव्हा मी तुझ्याकडं बघत होतो. तुझे कान लाल झाले होते. एक वाक्य पुरलं असतं, हेमाली. तो असाच आहे, मी त्याला ओळखते, त्यानं मला खरोखर सांगितलं. नियम तूच आणला होतास, तूच मोडू शकली असतीस. तुझ्या स्वतःच्या वाडीत, स्वतःच्या छपराखाली बसली होतीस. कोण उठवणार होतं तुला? तू बोटानं कागदाचा कोपरा दुमडत बसलीस.

मग मॅडमनी मला ओळखलं. म्हणाल्या, "अरे दर्पण, तू तर घिवलीचा. नाक फोडून गेलास तो तूच ना? तू सांग, असं घडेल का?"

तुमच्या खिडकीतून माडाचे शेंडे दिसतात. त्यांच्या पलीकडं पाणी असेल. मी तिकडं तोंड केलं. आता मला तशी सवय झालीय.

"मॅडम बरोबर बोलतात," मी म्हणालो. "आमच्यातला पोरगा असं सांगनार नाय. असा पोरगा नसतोच. आनि त्या खुणा पन खोट्या हायत. रचलेल्या."

चष्मेवाला हसला. उन्नतीनं खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली, तू शिकवलेली पद्धत. बाकीच्यांनीही वाजवली. तेव्हा कुठं तू वर बघितलंस. तुझ्या तोंडावर रडू असतं तर मी थांबलो असतो. राग असता तरी थांबलो असतो. मला तिथं फक्त सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं, बाजारातली पाटी रिकामी झाल्यावर माईच्या तोंडावर दिसतं तसं.

मी उठलो. कप खाली ठेवला. खुर्च्यांच्या मधून जाताना मॅडम म्हणाल्या, थांब रे, आता चर्चा संपली, आता लेखिका बोलणार आहे.

चपला उंबऱ्याशी होत्या, त्या हातात घेतल्या. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.